वाशीम ते अजिंठा : आपल्याच राजाच्या भेटीला

(रौप्य महोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या अजिंठा सहलीबद्दल दोन शब्द बोला, असं सेक्रेटरी साहेबांनी सांगितलं. बँकेत ३४ वर्षं काढलेला माणूस दोन शब्दांत आटपत नाही, हे त्यांना माहीत असावं.

सहल ठरताना दोन तट पडले होते, हे आता सांगायला हरकत नाही. काहींचं म्हणणं, जायचं तर देवदर्शनाला, लेण्यांत दगड काय पाहायचे? आपली बौद्ध कुटुंबं म्हणाली, आमचं दर्शन तर लेण्यांतच आहे. शेवटी मेहकरला शार्ङ्गधर बालाजी आणि पुढे चिखली-बुलढाण्यावरून अजिंठा असं ठरलं. २५ वर्षं एकाच जिन्यानं चढणारी आपण माणसं, एका बसमध्ये डबे उघडण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

मला ओढ होती ती १६ नंबरच्या लेण्याची. गाईड पुढे निघाला होता, त्याला थांबवलं. तिथे व्हरांड्याबाहेर डाव्या भिंतीवर लेख कोरलेला आहे. त्यात वाकाटक राजांची वंशावळ आहे आणि राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं हे लेणं भिक्षुसंघाला दिलं, असं लिहिलेलं आहे. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. आता हा हरिषेण कुठला? वत्सगुल्मचा. म्हणजे आपल्या वाशीमचा! शेजारचं १७ नंबर, ज्याच्या चित्रांसाठी जगभरातून लोक येतात, तेही त्याच्याच एका मांडलिकानं कोरवून घेतलं.

वाकाटकांची ही शाखा नीट कळली ती १९३९ साली आपल्या वाशीमला सापडलेल्या ताम्रपटामुळे. तो दुसऱ्या विंध्यशक्तीचा, वत्सगुल्महून दिलेला. सुरुवात संस्कृतात, पुढचा मजकूर प्राकृतात. त्याचा अनुवाद वाचताना मला आमच्या शाखेतली कागदपत्रंच आठवली. गाव कोणतं, दान घेणारे कोण, त्यांची गोत्रं, सवलती कोणत्या, सगळं नोंदवलेलं. कर्जाची फाईल इतकी व्यवस्थित असती तर आमचं निम्मं डोकं वाचलं असतं!

त्या ताम्रपटात पूर्वजांनी केलेल्या अश्वमेधाचा अभिमानानं उल्लेख आहे. त्याच घराण्याच्या मंत्र्यानं बुद्धाच्या भिक्षूंसाठी डोंगर कोरवला. हे मी तिथे मोठ्यानं सांगितलं आणि सहलीआधीचा वाद कुणी पुन्हा काढला नाही. आतल्या बुद्धमूर्तीपुढे आपल्या भगिनींनी हळू आवाजात वंदना म्हटली. सकाळी बालाजीचा प्रसाद घेतलेली मंडळीही त्यांच्या मागे हात जोडून उभी राहिली. शेजारच्या काकूंनी परतताना अर्थ विचारून घेतला.

एक गोष्ट मात्र खटकते. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ साहेबाला ही लेणी दिसली, हे आपल्या मुलांना पाठ आहे. हरिषेणाचं नाव बसमधल्या एकालाही सांगता आलं नाही. आणि ही मुलं पद्मतीर्थाजवळ खेळत मोठी झालेली, वत्सगुल्मातच!

म्हणून दिवाळीच्या सुटीत खास मुलांसाठी दुसरी फेरी काढावी, अशी माझी सूचना आहे. आजी-आजोबांनी पायऱ्यांना घाबरू नये, तिथे डोली मिळते. फर्दापूर फाट्यावर आपली गाडी ठेवून तिथल्या बसनं वर जावं लागतं. नावं सेक्रेटरींकडे द्या, फक्त सोमवार धरू नका. सोमवारी लेणी बंद असतात.