पुस्तकं लिहिणारे आहेत, काढणारे कुठे आहेत?

(अहिल्यानगर येथे महाविद्यालयीन तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण आज कोडिंगवर बोलणार नाही. पुस्तक-प्रकाशनावर बोलणार आहे. आपल्या घरांत डी.एड., पोलीस भरती, इंजिनिअरिंग, दुबई या सगळ्यांची चर्चा होते. ‘आमची मुलगी संपादक आहे’ हे वाक्य मात्र क्वचितच कानावर पडतं.

लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी काही शतकांपूर्वी ‘योगसंग्राम’ मराठीत रचला. 1990 मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आजही कविता, आत्मकथनं लिहिणारे गावोगावी आहेत. पण लेखकाच्या वहीपासून वाचकाच्या हातापर्यंत पुस्तक नेणारी माणसं आपल्यात कमी आहेत. मग आपल्याविषयीचं कोणतं पुस्तक निघावं आणि त्याच्या मलपृष्ठावर काय छापावं, हे नेहमी दुसरंच कुणी ठरवतं.

ही माणसं नेमकं काय करतात? उदाहरण इथल्या भुईकोट किल्ल्याचंच घेऊ. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना अटक करून इथे ठेवलं. मौलाना आझाद इथे बसून आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहीत. ती बाहेर पाठवता येत नव्हती. 1946 मध्ये मुहम्मद अजमल खान यांनी ती पत्रं जमवून ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक काढलं. पुढे मालिक राम यांनी टिपा देऊन त्याचं संपादन केलं आणि 1967 मध्ये साहित्य अकादमीने ती आवृत्ती छापली. मौलानांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, या दोघांचं किती जणांना? पण ते नसते तर ते पुस्तक आज या रूपात आपल्याला मिळालं नसतं.

त्याच किल्ल्यात 1944 मध्ये नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. 1946 मध्ये ते कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने काढलं. ती संस्था सुरू करणारे डी. के. गुप्ता एका जाहिरात कंपनीत काम करत. मुखपृष्ठ करणारे सत्यजित राय त्याच कंपनीत चित्रकार होते, वय जेमतेम पंचविशीचं. म्हणजे नोकरी सांभाळून पुस्तकं करणं ही काही आजची गोष्ट नाही. आणि वयाचं म्हणाल, तर खुद्द आझादांनी 1903 मध्ये ‘लिसान-उस-सिद्क’ हे नियतकालिक काढलं तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते.

आता पैशांचं बोलू. घरी पहिला प्रश्न तोच येणार, आणि तो रास्त आहे. समजा, 160 पानांचं पुस्तक, किंमत 200 रुपये, प्रती 500. छपाई आणि बांधणी प्रतीमागे 70 रुपये धरली तर 35 हजार. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचे 15 हजार. एकूण 50 हजार. विक्रेत्याला 40 टक्के, म्हणजे 80 रुपये कमिशन आणि लेखकाला दहा टक्के, म्हणजे 20 रुपये मानधन दिलं, की हातात उरतात 100 रुपये. पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तरी फक्त खर्च निघतो! आता यातल्या 150 प्रती तुम्ही स्वतः वीस टक्के सवलतीत थेट वाचकाला विकल्या, तर त्या प्रतींवर 140 रुपये सुटतात आणि सहा हजार शिल्लक राहतात. आकडे गावागणिक बदलतील, हिशेबाची रीत बदलणार नाही. म्हणून ज्याच्याकडे वाचकांची यादी, तोच प्रकाशक टिकतो.

यावरून दोन गोष्टी घ्या. शिकत असताना कर्ज काढून प्रकाशन संस्था काढू नका. आणि लेखकाकडूनच सगळा खर्च घेऊन प्रती त्याच्या घरी टाकून जाणाऱ्याला प्रकाशक समजू नका.

सुरुवात कौशल्यापासून करा. पहिलं मुद्रितशोधन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत, ते पाठ नको, हातात बसू द्या. दुसरं अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी. जुनी पुस्तकं ज्या फाँटमध्ये आहेत ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटतात. ते काम जाणणाऱ्याला मागणी आहे. इथे कॉम्प्युटर शिकलेल्या मुलामुलींना सरळ वाव आहे. तिसरं भाषांतर. घरी दखनी, मदरशात किंवा शाळेत उर्दू, कॉलेजात मराठी आणि इंग्रजी; या गोष्टीचा आपल्याला संकोच वाटतो, पण प्रकाशकाच्या टेबलावर तीच भांडवल आहे. एकाच पुस्तकात कुठे ‘रमजान’, कुठे ‘रमझान’, एका पानावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘महंमद’ असं दिसतं. शब्दांची एक यादी करून पुस्तकभर एकच रूप ठेवणं, हे संपादकाचं पहिलं काम आहे, आणि ते तुम्ही इतरांपेक्षा चांगलं कराल.

पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडे जाताना नुसता बायोडेटा नेऊ नका. दहा पानं तपासून, किंवा एक प्रकरण भाषांतरित करून न्या. कामाचा मोबदला आधी ठरवा. ‘अनुभव मिळेल’ एवढ्यावर महिनोन्‌महिने राबू नका. नॅशनल बुक ट्रस्ट प्रकाशनाचं प्रशिक्षण देतं, त्याची चौकशी करा. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे, ती आपल्या ओळखीच्या लेखकांपर्यंत पोहोचवा. स्वतः पुस्तक काढाल तेव्हा आयएसबीएन मोफत मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. 1954 च्या कायद्यानुसार तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवायची असते, ती पाठवा. आपलं पुस्तक देशाच्या कपाटात राहील.

मुलींना वेगळं सांगतो. संपादन आणि भाषांतर ही घरी बसूनही होणारी कामं आहेत. पण म्हणून ती फुकटात करायची नसतात, आणि पुस्तकावर नाव तुमचंच छापून आलं पाहिजे.

शेवटी एक काम देतो. आपल्या मोहल्ल्यात कुणाच्या तरी ट्रंकेत एक वही आहे. आजीच्या ओव्यांची, एखाद्या शिक्षकाच्या आठवणींची, विणकर किंवा बागवान कुटुंबाच्या हिशेबांची. परवानगी घेऊन ती वही उतरवा, टाइप करा, तपासा, बत्तीस पानांची पुस्तिका करा, पन्नास प्रती छापा आणि पन्नास जणांना विकून दाखवा. त्यातून मोठी कमाई होणार नाही, पण प्रकाशनाचा धंदा पहिल्या पानापासून शेवटच्या रुपयापर्यंत समजेल. तो आवडला, तर पुढची वाट धरा. नाही आवडला, तरी एक वही वाळवीपासून वाचलेली असेल.