तोंड येणे : घरगुती उपाय आणि शिक्षकांचे कर्तव्य

(वारजे येथील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय दिसावयास लहान आहे. परंतु ज्या मुलाचे तोंड आले आहे, ते वर्गात मोठ्याने वाचीत नाही, मधल्या सुट्टीत डबा उघडीत नाही, आणि आपण त्यास आळशी ठरवून मोकळे होतो. म्हणून हा विषय आपला आहे.

गालाच्या व ओठांच्या आतल्या अंगास किंवा जिभेच्या कडेस पांढुरके, लाल काठाचे लहान व्रण पडतात. दात लागणे, मनावरील ताण, आहारातील लोह, फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव ही त्यांची काही कारणे होत. हे साधे व्रण सांसर्गिक नसतात आणि बहुधा ७ ते १४ दिवसांत आपोआप भरून येतात. घरगुती उपायांची योग्यता यावरून ध्यानात येईल : ते वेदना शमवितात, व्रण भरून काढण्याचे काम शरीरच करते.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरावी व पाणी थुंकून टाकावे. व्रणावर साजूक तूप लावावे. मधही चालतो, मात्र एक वर्षाच्या आतील बालकास तो कदापि देऊ नये. जाईची पाने चावण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. पाने स्वच्छ धुऊन घेतल्यास तीस हरकत नाही. ठेचा व आंबट पदार्थ काही दिवस वर्ज्य करून पेज, मऊ भात द्यावा. पुढे पालेभाजी, मोडाची मटकी, दूध व अंडी आहारात असावीत.

एक उपाय मात्र निक्षून बंद करविला पाहिजे, तो म्हणजे मिश्री. दात किंवा तोंड दुखले की ती चोळण्याची सवय अनेक घरांत आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय, आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. ही मनाई पाळली जाते की नाही, हे शाळेने पाहावे.

वारजे एके काळी खेडे होते, तेव्हा परसातील पाला हाच पुष्कळदा दवाखाना असे. आज गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तेव्हा वैद्यकीय मदत दूर असल्याची सबब उरली नाही. व्रण दोन आठवड्यांत न भरल्यास, वारंवार होत असल्यास, तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसल्यास अथवा तोंड पुरते उघडत नसल्यास डॉक्टरांकडे पाठवावे. तो चट्टा दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. ताप असून तळहात व तळपाय यांवरही फोड दिसले, तर तो हात-पाय-तोंड रोग असू शकतो. तो पसरतो, अशा मुलास घरी ठेवून डॉक्टरांना दाखवावे. मूल पाणीही पिईनासे झाले, तर त्याच दिवशी दाखवावे.

आपणांस वैद्य व्हावयाचे नाही. तक्रार ऐकली त्या दिवसाची तारीख वहीत टिपावी आणि चौदाव्या दिवशी त्या मुलास पुन्हा विचारावे, एवढीच माझी विनंती आहे.