एकाच केसाचे दोन स्वभाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज केस धुण्याबद्दल बोलायचं आहे. विषय रोजचाच आहे, पण सुरुवात जरा लांबून, अमेरिकेतून करू या. तिथल्या आफ्रिकी वंशाच्या असंख्य स्त्रिया आपले घट्ट कुरळे केस रसायन लावून सरळ करून घेतात. या रसायनाला रिलॅक्सर म्हणतात. केस एकदा सरळ झाला की तो भाग सरळच राहतो. पण केस वाढायचा थांबत नाही. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर नवा केस मुळाशी येतो आणि तो जन्मजात कुरळाच येतो. दोन-अडीच महिन्यांत एकाच केसाचे दोन भाग होतात. मुळाशी घट्ट वेटोळी आणि खाली सरळ, रसायनानं नरमलेला केस. असे केस धुवायचे कशानं, हा त्या स्त्रियांचा प्रश्न. अनेकींनी शाम्पू बाजूला ठेवून नुसत्या कंडिशनरनं केस धुण्याची पद्धत धरली. मग पुढचा प्रश्न आला, कोणता कंडिशनर? आपल्याकडे स्ट्रेटनिंग, रिबाँडिंग करून घेतलेल्या मुलींनाही चार महिन्यांनी जवळजवळ हाच प्रश्न पडतो. त्यामुळे शेवटी आपण घरी परत येणार आहोत.

केस सरळ करण्याची ही खटपट निव्वळ हौसेतून आली, असं समजू नका. कुरळे केस म्हणजे अव्यवस्थित केस, असं तिथल्या कचेऱ्यांनी आणि शाळांनी वर्षानुवर्षं धरलेलं होतं. नोकरी हवी तर केस सरळ हवेत, हा न लिहिलेला नियम. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून भेदभाव करू नये, असा कायदा कॅलिफोर्नियानं केला तो २०१९ साली. असा कायदा करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. म्हणजे त्याआधी शंभर वर्षं तरी बायकांनी, आणि पुरुषांनीही, केसांपायी टाळू भाजून घेतली. माल्कम एक्स यांच्या आत्मचरित्रात तरुणपणी त्यांनी केस सरळ करून घेतल्याची हकिगत आहे. लाय म्हणजे कॉस्टिक सोडा, त्यात बटाटे आणि अंडी घालून घरी केलेला लगदा, आणि डोक्याची झालेली आग. बाजारी मलमांचा एक आरंभ गॅरेट मॉर्गन या कृष्णवर्णीय संशोधकापासून होतो. शिलाई यंत्राच्या सुईसाठी तो एक द्रव तयार करत होता. त्या द्रवानं लोकरी कापडाचे तंतू सरळ झालेले त्याला दिसले, असं सांगतात. १९१३ च्या सुमारास त्यानं केस सरळ करण्याचं मलम विकायला काढलं. पुढे रहदारीच्या सिग्नलचं पेटंट घेणारा तो हाच मॉर्गन.

आता रिलॅक्सर केसात काय करतो ते पाहू, कारण कंडिशनरची निवड त्यावरच ठरते. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या दोन-दोन अणूंच्या पुलांनी बांधलेल्या असतात. केसाची ताकद आणि बाक टिकवून धरण्यात या पुलांचा मोठा वाटा. रिलॅक्सरमधला सोडियम हायड्रॉक्साइड हे पूल तोडतो आणि त्या जागी गंधकाचा एकच अणू असलेला दुसरा पूल तयार होतो. हा बदल कायमचा. शिवाय केसाच्या बाहेरच्या खवल्यांवर निसर्गानं दिलेला एक पातळ स्निग्ध थर असतो, तोही बराचसा निघून जातो. म्हणून असा केस पाणी लवकर पितो, ओला असताना जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो.

तुटतो कुठे? बहुतेक वेळा नवा आणि जुना भाग जिथे मिळतात त्या सांध्यावर. वरच्या कुरळ्या भागात गुंता होतो, कंगवा अडकतो आणि ताण येतो तो खालच्या नरमलेल्या भागावर. त्यात कुरळ्या केसाला आणखी एक अडचण. टाळूचं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, वेटोळ्यांवरून ते उतरत नाही. त्यामुळे मूळ तेलकट आणि टोक कोरडं. त्यावर कडक शाम्पू वापरला की टोकाला उरलंसुरलं असतं तेही जातं. म्हणून कंडिशनर.

पण कंडिशनरनं केस स्वच्छ कसे होतील, असं तुम्ही विचाराल. शंका रास्त आहे. शाम्पूतल्या फेसाळ द्रव्यावर ऋण भार असतो आणि ते तेल धरून धुऊन नेतं. कंडिशनरमधल्या मुख्य द्रव्यावर धन भार असतो. ओल्या केसावर ऋण भार असतो, म्हणून ते केसाला चिकटून बसतं. तरी तेही थोडं तेल आणि धूळ सोडवू शकतं, बोटांनी चोळण्याची जोड मिळाली तर. म्हणजे हे सौम्य धुणं आहे; रोजच्या घामाला, धुळीला पुरतं, साचलेल्या थराला पुरत नाही. दुसरी गोष्ट अशी, की रसायनानं झिजलेल्या भागावर ऋण भार जास्त असतो. तिथे कंडिशनर आपोआप जास्त बसतो आणि नव्या, धडधाकट केसावर कमी. एकच बाटली एकाच केसाच्या दोन भागांवर वेगळी वागते. निवड करताना हे विसरायचं नाही. धुण्यासाठी हवा तो असा कंडिशनर, जो वरच्या भागात बोटं सहज सरकू देईल आणि खालच्या भागावर थर चढवणार नाही.

आता बाटली हातात घ्या आणि उलटी करा. पुढच्या बाजूला फुलं, फळं, मध, बदाम यांची चित्रं असतात, ती राहू द्या. मागे घटकांची यादी असते. जे जास्त ते आधी, असा सर्वसाधारण क्रम असतो. पहिली सहा-सात नावं वाचली तरी बाटलीचा स्वभाव कळतो.

पाण्यानंतर बहुधा सेटिल, सेटिअरिल किंवा स्टिअरिल अल्कोहोल असतं. अल्कोहोल या शब्दानं दचकू नका. ही मेणासारखी स्निग्ध द्रव्यं आहेत, केस मऊ करतात. टाळायचं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा डीनेचर्ड अल्कोहोल, आणि तेही यादीत वर असेल तर. ती चटकन उडतात आणि केस कोरडा करतात.

मग धन भाराचं द्रव्य शोधा. बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट हे नाव दिसलं तर चांगलं. नावात सल्फेट असलं तरी तो फेसाळ शाम्पूतला सल्फेट नव्हे. बोटाला चांगली सर देणारं, गुंता सोडवणारं हे द्रव्य आहे आणि नव्या वाढीला नेमकी तीच गरज असते. सेट्रिमोनियम क्लोराइड त्याहून हलकं. बारीक, विरळ केसांना ते पुरतं.

तिसरी गोष्ट सिलिकोन. डायमेथिकोनसारखी, शेवटी 'कोन' येणारी नावं. सिलिकोन वाईट असतं असं नाही. शाम्पूनंतर लावलं तर केसाला गुळगुळीत आवरण देतं आणि घर्षण कमी करतं. पण ते पाण्यात विरघळत नाही आणि नुसत्या कंडिशनरनं नीट निघतही नाही. प्रत्येक धुण्याला थरावर थर चढतो, केस जड आणि निस्तेज होतो. नावाआधी पेग अशी अक्षरं असतील तर ते बहुधा पाण्यानं निघणारं सिलिकोन, ते चालेल. हाच हिशोब मिनरल ऑइल आणि पेट्रोलॅटमला. यादीत ती वर असतील तर ती बाटली धुण्यासाठी नको.

चौथी गोष्ट प्रथिनं. हायड्रोलाइज्ड गहू, रेशीम किंवा केराटिन अशा नावांनी ती येतात. रिलॅक्सरनं नरमलेल्या केसाला थोडं प्रथिन आधार देतं. पण प्रत्येक धुण्याला प्रथिन मिळालं तर पुष्कळांचे केस काडीसारखे ताठ होतात, आणि ताठ केस पुन्हा सांध्यावरच तुटतो. म्हणून नेहमीच्या धुण्याला प्रथिन नसलेली किंवा यादीच्या अगदी शेवटी असलेली बाटली घ्यावी. प्रथिनवाली वेगळी ठेवावी, तीन-चार आठवड्यांतून एकदा वापरायला. ओला केस रबरासारखा ताणला जात असेल तर प्रथिन कमी पडतंय. कोरडा केस चुरचुरत मोडत असेल तर ते जास्त झालंय आणि ओलावा हवा आहे. ही खूण कोणालाही घरी तपासता येते.

धुण्याची बाटली महाग असण्याची गरज नाही. या पद्धतीत कंडिशनर सढळ हातानं लागतो आणि त्यातला बराचसा मोरीत वाहून जातो. पातळसर, साधी, मोठी बाटली बरी. शिया बटरचं घट्ट मास्क धुण्याला घेऊ नये. ते टाळूवर बसतं आणि निघता निघत नाही.

वापरायची रीतही निवडीइतकीच महत्त्वाची. केस पूर्ण भिजवा, चार भाग करा. कंडिशनर लावून बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, टाळू सावकाश चोळा. गुंता सोडवायचा तो कंडिशनर केसात असताना, रुंद दातांच्या फणीनं, टोकाकडून मुळाकडे चढत. सांध्याच्या वर एका हातानं केस धरून ठेवला तर ताण हातावर येतो, केसावर येत नाही. मग कोमट पाण्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ धुवा.

आता या पद्धतीच्या मर्यादा. पहिली अगदी पक्की. रिलॅक्सर लावल्या दिवशी कंडिशनरनं धुऊन चालत नाही. त्या दिवशी न्यूट्रलायझिंग शाम्पूच हवा, नाहीतर अल्कली केसात राहून आपलं काम चालू ठेवते. दुसरी मर्यादा अशी, की कोंडा, खाज किंवा खवले असतील तर आधी औषधी शाम्पू आणि त्वचारोगतज्ज्ञ. टाळूवर कंडिशनर रोज चोळायचा म्हटलं की त्यातले टिकाऊ पदार्थही त्वचेला लागतात. मेथिलआयसोथायझोलिनोन या नावाच्या टिकाऊ पदार्थाची अनेकांना ॲलर्जी होते. धुऊन न टाकायच्या प्रसाधनांत त्याला युरोपात २०१७ पासून बंदी आहे. तिसरी मर्यादा थराची. घरी दोन पुड्या मिसळून करायचे 'नो लाय' रिलॅक्सर कॅल्शियमचे असतात, ते केसावर कॅल्शियमचा थर सोडतात. कंडिशनर तो काढू शकत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला शाम्पू लागतो. आणि २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं शाम्पूऐवजी वापरायच्या एका कंडिशनरबद्दल केस गळण्याच्या तक्रारी आल्यानंतर ग्राहकांना सावध केलं होतं. सौम्य हा शब्द छापला म्हणजे बाटली सर्वांना मानवते, असं नाही.

आणखी एक बातमी सांगायला हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं ३३,४९७ स्त्रियांची जवळजवळ अकरा वर्षं पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. केस सरळ करण्याची प्रसाधनं वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. सत्तरीपर्यंत हा रोग होण्याची शक्यता कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. कोणत्या कंपनीचं, कोणत्या घटकांचं प्रसाधन वापरलं, याची माहिती त्या पाहणीत घेतलेली नव्हती. पण रिलॅक्सर सोडून नैसर्गिक केस वाढवायचे ठरवणाऱ्या स्त्रियांना वर्ष-दोन वर्षं हे दुहेरी केस सांभाळावे लागतात. तेवढे दिवस सांधा टिकला तर हवे तेवढेच केस, हव्या त्या वेळी कापता येतात. सांध्यानं दगा दिला तर कंटाळून पुन्हा रिलॅक्सरकडे जावंसं वाटतं. योग्य कंडिशनरचं मोल इथे आहे.

आता घरी येऊ. आपल्या पार्लरमध्ये रिबाँडिंग होतं ते बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेटनं आणि गरम इस्त्रीनं. रसायन वेगळं, पण चार महिन्यांनी मुळाशी आलेले कुरळे केस, खाली सपाट केस आणि मध्ये नाजूक सांधा, हे चित्र तेच. म्हणून वर सांगितलेली यादी इथेही उपयोगी पडते. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. ही दोन रसायनं एकाच केसावर कधीही एकत्र येऊ देऊ नका. आधी काय केलं होतं ते पार्लरमध्ये स्पष्ट सांगा. आपल्या घरी बोअरवेलचं जड पाणी असेल तर कॅल्शियमचा थर आपल्यालाही चढतो. आणि शनिवारी रात्री डोकं भरून तेल थापलं असेल तर रविवारी नुसत्या कंडिशनरनं ते निघणार नाही. त्या दिवशी सौम्य शाम्पू घ्या, किंवा तेलाचा हात आखडता ठेवा.

चार आठवडे ही पद्धत करून पाहा आणि फणीत काय येतं ते बघा. मुळासकट आलेला लांब केस हा नेहमीचा गळणारा केस. आखूड तुकडे येत असतील तर केस मध्येच तुटतोय. मग बाटली बदला, किंवा फणी फिरवायची रीत बदला.