नेम कोणाचा चुकला?



१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले आणि आमच्या शिकारी रायफली लक्ष्यफलकापुढे आल्या. एका पावसाळ्यात त्यांतील एकीचा नेम बिघडला. आम्ही बोल लावला तो झाडणाऱ्या तरुणाच्या हाताला. तो खिन्न होऊन येईनासा झाला. पुढे दस्ता उतरविला तेव्हा उमगले की, ओलाव्याने फुगलेले लाकूड नळीला टेकत होते. नळी तापली की गोळी बाजूला जाई.

म्हणून रायफल रिकामी असल्याची खात्री करून प्रथम दस्त्याचे स्क्रू व माशी तपासावी, नळी पुसावी. मग एकाच खेपेची काडतुसे घेऊन, नळी निवू देऊन झाडावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माणसाला दोष सर्वांत शेवटी द्यावा. त्या तरुणाची क्षमा मागावयास आम्ही त्याच्या घरी गेलो.