परका प्रवासी आणि झाशीचा किल्ला



प्राचीन स्थळ प्रवाशाने कसे पाहावे, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने केली आहे. पेरू देशात माचू पिच्चू हे इंका लोकांचे पर्वतनगर आहे. १९११ साली हायरम बिंगहॅम हे अमेरिकन संशोधक तेथे पोहोचले आणि हरवलेले नगर सापडल्याचा जगभर गाजावाजा झाला. वस्तुतः डोंगरउतारावरील त्या जुन्या शेतांत तेव्हाही शेतकरी कुटुंबे पीक घेत होती. बिंगहॅमना वाट दाखविली तीही स्थानिकांनीच. नगर हरवले होते ते दूरच्यांना, तेथे नांदणाऱ्यांना नव्हे.

नोकरीनिमित्त गरौठ्यास आलेल्या आम्हां मराठी माणसांना यात घेण्यासारखे पुष्कळ आहे. गावाकडून पाहुणे आले की आम्ही त्यांना झाशीस नेतो आणि ‘हा आपल्या राणीचा किल्ला’ असे सांगतो. तो अभिमान अनाठायी नाही. १७२९ मध्ये बाजीराव पेशवे छत्रसालांच्या साहाय्यास धावून आले, तेव्हापासून मराठी माणूस या भूमीशी जोडला गेला. नारोशंकरांनी किल्ला वाढविला, तो भाग शंकरगड म्हणून ओळखला जातो. आपल्या जवळच्या गुरसरायलाही मराठी जहागीरदारांचे घराणे नांदले.

परंतु बंगिरा टेकडीवर १६१३ साली हा किल्ला उभारला तो ओरछाचे बुंदेले राजे वीरसिंहदेव यांनी. १८५८ च्या वेढ्यात राणीच्या तोफा डागणारे गुलाम गौसखाँ होते. त्यांची आणि मोतीबाईंची कबर किल्ल्यातच आहे. कोरी समाजातील झलकारीबाईंची आठवण येथील जनतेने पिढ्यान्‌पिढ्या जपली. हे सारे वगळून किल्ला पाहणे म्हणजे अर्धाच किल्ला पाहणे होय.

वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आले आणि त्या वेढ्यात झाशीतच सापडले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात राणीच्या शौर्याबरोबरच शहरातील लूट, जाळपोळ आणि सामान्यांचे हालही आहेत. ते परके होते, पण त्यांची दृष्टी परकी राहिली नाही.

आमची मुले अंगणात बुंदेली बोलतात, घरात मराठी. ‘आपण इथले की तिथले?’ असे ती विचारतात. आम्हांस वाटते, याचे उत्तर त्या किल्ल्यातच आहे. पाया बुंदेल्यांचा, वाढीव तट मराठ्यांचा. पण वेढा पडला तेव्हा कोणता दगड कोणाचा, हे कोणी विचारले नाही. येत्या सहलीस मुलांसमवेत गावातील एखाद्या वृद्ध बुंदेली गृहस्थासही आग्रहाने न्यावे. आधी त्यांना बोलू द्यावे, मग आपण बोलावे.