विमानावरील निजामाचे नाव

परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता, त्या संस्थानाचे नाव पहिल्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांवर रंगवलेले होते, आणि त्यांपैकी एक विमान लंडनमधील हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतून ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीला, डीएच-९ए जातीची विमाने मिळाली आणि त्या विमानांवर देणगीदाराचा उल्लेख रंगवण्यात आला. संस्थानाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा परभणीसारख्या काळ्या जमिनीच्या जिल्ह्यांतील शेतसाऱ्याचा असे. कुणब्याचा उल्लेख मात्र त्या मजकुरात असण्याचे कारणच नव्हते.

हेंडनच्या विमानावर ‘हैदराबाद क्र. १२ए’ अशी अक्षरे असली, तरी अभ्यासक त्याची ओळख पटवतात ती ‘एफ १०१०’ या अनुक्रमांकावरून. अनुक्रमांक हा एकाच यंत्राचा असतो आणि तुकडी बदलली तरी सहसा बदलत नाही; देणगीचे नाव मात्र, मूळ विमान नष्ट झाल्यास, दुसऱ्या विमानावर चढवण्याची प्रथा होती, त्यामुळे केवळ नावावर भिस्त ठेवणाऱ्याची फसगत ठरलेलीच. ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती पडलेले, बर्लिनमध्ये प्रदर्शनात मांडलेले, दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये राहिलेले आणि १९७७ मध्ये ब्रिटनला परतलेले विमान हे तेच, असे म्हणता येते ते या क्रमांकाच्या आधारे.

दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाच्या तुकडीलाही हैदराबादचे नाव मिळाले आणि तिच्या बोधचिन्हात निजामाचे शिरोभूषण आले. तिच्या स्पिटफायर विमानांवरील ‘यूएम’ ही अक्षरे तुकडीची खूण होती; त्यांच्या जोडीचे तिसरे अक्षर तुकडीतील त्या विमानापुरते असे आणि विमान दुसरीकडे गेले की ही अक्षरे पुसली जात. ही तुकडी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली, तेव्हा तेथील ब्रिटिश विमानांच्या वर्तुळचिन्हातून, म्हणजे पंखांवरील व अंगावरील राष्ट्रीय खुणेतून, लाल रंग काढून टाकलेला होता. जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि जमिनीवरून तोफ रोखणाऱ्याला विचार करण्यास क्षणभरच मिळे, तेव्हा रंगाचा हा बदल स्वकीयांच्या गोळीपासून वाचण्यासाठीच होता. त्याच काळात या तुकडीच्या काही विमानांवर वर्तुळचिन्हावरून झेप घेणारा काळा बिबट्याही रंगवला गेला. ओळखीच्या शास्त्रात न बसणारी ही हौस पुढे छायाचित्रांतून तुकडी ओळखण्यास सर्वांत सोपी खूण ठरली.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादवर पोलीस कारवाई झाली, तेव्हा संस्थानावर आली ती भारताची टेम्पेस्ट विमाने. त्यांच्या अनुक्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत. ब्रिटिश वळणाच्या खुणा तोवर मागे पडू लागल्या होत्या आणि १९५० मध्ये केशरी, पांढऱ्या व हिरव्या वर्तुळांचे आजचे चिन्ह रूढ झाले.