अकराला बंद होणारं दुकान

लॉकडाऊन सरून वर्षं झाली, पण नियम सगळ्यांना सारखे होते का, हा वाद आमच्या बचत गटात अजून मिटलेला नाही. आज त्यावरच बोलते.

सणांची झळ सगळ्यांनाच बसली. २०२० च्या मे महिन्यात रमजान ईदची नमाज लोकांनी घरातच पढली. १ जुलैच्या आषाढीला माउलींच्या, तुकोबांच्या पादुका एसटीतून पंढरपूरला आल्या, आणि इतक्या जवळ राहून आपल्याला जाता आलं नाही. तरी "त्यांना सूट, आम्हाला बंदी" हे दोन्हीकडून ऐकू यायचंच.

मग सूट मिळाली कुणाला? १४ एप्रिल २०२१ ला रात्री आठपासून राज्यात कडक निर्बंध लागले. आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याला मात्र १७ तारखेच्या पोटनिवडणुकीचं मतदान होईपर्यंत मोकळीक! पुढच्याच आठवड्यात चैत्री एकादशी आली, तेव्हा विठ्ठलाचं दार भाविकांना बंद होतं.

त्याच आठवड्यात किराणा-भाजीची वेळ सकाळी सात ते अकरा झाली. गर्दी टाळायची होती, मान्य. त्या लाटेत माझी जाऊ गेली, त्यामुळे नियमच नकोत असं माझ्या तोंडून निघायचं नाही. पण आमच्या गटातली एक बाई रोजानं खुरपायला जाते. सातला घर सोडते, पैसे हातात पडतात संध्याकाळी. पगारदाराच्या घरात महिन्याचा किराणा एकदम येतो. हिला रोजच्या रोज पावशेर तेल, दोन किलो ज्वारी लागते, आणि पैसे येतात तेव्हा दुकानाला कुलूप. चार दिवस तिनं उसन्या पिठावर काढले. आम्हाला पाचव्या दिवशी कळलं, याची अजून लाज वाटते. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं उघडली म्हणतात, ते हेच मंगळवेढं.

मग आम्ही दोघी रात्री तिची यादी घ्यायचो, सकाळी आमच्या पैशानं सामान आणून तिच्या दारात ठेवायचो. संध्याकाळी ती हिशेब चुकता करायची. एक रुपया बुडाला नाही.

संध्याकाळी तासभर दुकान उघडं ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? वेळ ठरवताना रोजंदारीवरच्या बाईला कुणी विचारलं नाही. पुन्हा अशी वेळ आली तर आधी विचारा, असा अर्ज आम्ही ग्रामसभेला देतोय. तुमच्या गटानंही द्या. लिहिता येत नसेल तर आमच्याकडे या, लिहून देऊ.